पायाळूचा अर्थ मला माहीत होता

आमच्या गावात एक गोष्ट पन्नास वर्षं सांगितली जाते. जबलपूरकडचा एक ड्रिल मास्तर शाळेत आला, चढायला शिकवतो म्हणून लहान लेकरांना बरडावर नेऊ लागला, पण त्याचा खरा डाव पुरलेलं धन काढण्याचा होता. गावाने वेळीच ओळखलं आणि त्याला हाकललं. शाळेच्या एका समारंभात मला हार घालून पुढे बसवलं होतं, तेव्हा एका वक्त्याने ती पुन्हा सांगितली. "आणि त्या वेळचे हे गुरुजी आजही साक्षीला आहेत," म्हणून त्याने माझ्याकडे हात केला. मी मान हलवली.

ती हलवलेली मान परत घेण्यासाठी हे लिहितो आहे. ऐंशीच्या पुढे गेलो. त्या दिवशी चावडीवर जमलेले बहुतेक लोक आता नाहीत. मास्तरांचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही, कारण मी कधी चौकशी केली नाही.

आमचं गाव धाडच्या बाजारापासून दोन कोसांवर, वऱ्हाडच्या अगदी काठाला. नदी ओलांडली की निजामाचं राज्य. त्याला आम्ही मोगलाई म्हणत असू. चोरलेली जनावरं तिकडे जात, फरारी माणसं तिकडे जात, आणि रडणाऱ्या लेकराला आया म्हणत, "चूप बैस, नाही तर मोगलाईत नेऊन सोडीन." गाव आणि नदी यांच्यामध्ये बरड, म्हणजे नांगर लागणार नाही अशी दगडी जमीन. तिच्या टोकाला काळ्या खडकाचा एक उंचवटा होता, दोन-तीन पुरुष उंच, कपारींनी भरलेला. कोण्या लुटारू सरदाराने पळता पळता तिथे मोहरांचे हंडे पुरले, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. हंडे कोणीच पाहिले नव्हते, त्यामुळे त्याबद्दल वाद घालायची कोणाला गरज वाटत नसे.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं. प्रांत एक, भाषा दोन. मास्तर नर्मदेकडचे, त्यांचा थोरला भाऊ बुलढाण्याला जंगलखात्यात होता, त्याच्या ओळखीने ते आमच्या मिडल शाळेत ड्रिल शिकवायला आले. मी तिथेच मराठी शिकवत होतो. त्यांचं वय तिशीच्या आतबाहेर, माझंही तेवढंच. मराठी ते पुस्तकावरून शिकले होते आणि बोलताना अडलं की हिंदी लावून पुढे जात.

मोठी मुलं ड्रिल करताना त्यांना कंटाळा येई. त्यांचं लक्ष पहिली-दुसरीतल्या लेकरांवर. ही लेकरं चिंचेवर चढत आणि घरी मार खात, हे त्यांनी आल्या आल्या पाहिलं. दर शनिवारी सकाळी ते दहा-बारा लेकरांना रांगेने बरडावर नेऊ लागले. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची, पहिलीत होती. मुलींत ती आणि आणखी एक, एवढ्याच शाळेत येत. पहिल्या दोन शनिवारी मीही सोबत गेलो.

ते गावात कॅनव्हासचे बूट घालत, पण बरडावर पोचले की आधी बूट काढून खांद्याला लटकवत. लेकरं तशीही अनवाणीच असत. पहिल्या दिवशी त्यांनी कोणालाच वर जाऊ दिलं नाही. कमरेएवढ्या दगडावर एकेकाला उचलून ठेवायचे आणि म्हणायचे, "अब उतरो."

"मास्तर, आमाले वर जायचं हाये," एक पोट्टा म्हणाला. "तुमी खालीच काऊन आणून राह्यले?"

"वर मांजर पण जाते बेटा. खाली यायच्या टाइमला रडते. तू मांजर आहेस?"

"नाई."

"तो फिर तोंड दगडाकडे. पाठ माझ्याकडे. चला."

दोन हात, दोन पाय. त्यातले तीन धरलेले असले तरच चौथा हलवायचा, हा त्यांचा नियम. लेकरांनी त्याचं आपल्या बोलीत गाणंच केलं, "तीन धर, एक सोड." शाळेच्या पायऱ्या उतरतानाही ती पाठमोरी होऊन हे म्हणत उतरत. हात घालण्याआधी दगडावर बोटाच्या पेराने ठोकायचं, हाही नियम. टणक आवाज आला तर भार द्यायचा, पोकळ आला तर दुसरा दगड पाहायचा. जिथे पाय नीट बसतो तिथे मास्तर गेरूचा एक ठिपका लावून ठेवत. बागवान चाचा म्हणून एक म्हातारे नदीकाठी भाजीचा मळा करत. त्यांच्या मोटेचा जुना नाडा, म्हणजे जाड दोर, मास्तरांनी मागून आणला होता. खडकावर चढणाऱ्या लेकराच्या कमरेला आधी धोतराचा मऊ पट्टा, त्यावर तो दोर, आणि दुसरं टोक वर बसलेल्या मास्तरांच्या कमरेला. तहान लागली की पिशवीतून लिंबू काढून कापत आणि मीठ लावून प्रत्येकाच्या हातावर फोड ठेवत.

आता हे सगळं लांबून पाहणाऱ्या माणसाच्या डोळ्यांनी बघा. परमुलखातला माणूस. मोगलाईच्या वाटेवर. धन पुरलेला खडक. लेकरं दगडावर ठोकून कान लावताहेत. दगडावर तांबडे ठिपके. कापलेली लिंबं. कमरेला दोर बांधलेलं लेकरू.

गवत कापायला गेलेल्या बायांनी हे लांबूनच पाहिलं होतं.

त्याआधीची एक गोष्ट मी यंदापर्यंत कोणाला सांगितली नव्हती. एका दुपारच्या सुट्टीत मास्तर माझ्याजवळ येऊन बसले. त्यांच्याकडे एक वही असे. प्रत्येक लेकराच्या नावापुढे काही ना काही लिहिलेलं. हेडमास्तरांनी त्यांना मराठीतच लिहायला सांगितलं होतं.

"गुरुजी, एक पूछना था. जो जास्त झोपतो तो झोपाळू. जो लाजतो तो लाजाळू."

"बरोबर."

"जिसके पैर अच्छे हैं, पाय घसरत नाही, तो फिर पायाळू?"

मला हसू फुटलं. ते मी खोकल्यात घातलं. पायाळू म्हणजे पायांकडून जन्मलेलं मूल, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. पायाळू माणसावर वीज पडते म्हणतात. कंबरेत उसण भरली की पायाळूकडून पाठीला लाथ मारून घेतात. आणि पायाळूच्या डोळ्यांत अंजन घातलं की त्याला जमिनीतलं धन दिसतं. म्हणून धन काढणारे असं मूल हेरून ठेवतात, आणि काम झाल्यावर त्याचं काय करतात ते आया लेकरांदेखत बोलत नाहीत.

मी त्यांना हे सांगायला हवं होतं. पण मनात आलं, एखाद्या दिवशी हे हेडमास्तरांपुढे मोठ्याने वाचतील आणि काय मजा येईल! म्हणालो, "झकास शब्द आहे. लिहा बिनधास्त."

"मराठी आसान है," मास्तर खुशीत म्हणाले, आणि माझ्यासमोरच त्यांनी तो शब्द लिहिला. कोणापुढे लिहिला ते मी पाहिलं नाही.

पंधरा-वीस दिवसांनी वर्गावर कोणी नव्हतं म्हणून मी त्यांच्या टेबलाशी बसलो होतो. वही उघडी होती. पाच नावांपुढे पायाळू लिहिलं होतं. पहिलं नाव माझ्या मुलीचं, आणि त्याखाली रेघ.

माझी मुलगी पायाळू होती. खरोखरची. हे मला, माझ्या बायकोला आणि दाईला, तिघांनाच माहीत होतं. दाईला आम्ही देवाची शपथ घालून गप्प केलं होतं, कारण नाही तर उसण भरलेला सारा गाव आमच्या दारात कंबर धरून उभा राहिला असता, आणि धनाच्या मागे लागलेलाही एखादा आला असता.

मला शब्दाचा त्यांचा अर्थ माहीत होता. तो मीच पास केला होता. तरी मी ते नाव पुन्हा वाचलं. पाच नावांत नेमकं हिचंच पहिलं का? त्याखालीच रेघ का? मग वाटलं, झोपाळू-लाजाळू हे सगळं नाटक तर नव्हतं? आपल्याकडून शब्द वदवून घ्यायला हा मुद्दाम भोळा बनला नसेल कशावरून?

संध्याकाळी बायको भाकरी थापत होती. मी तिला सांगितलं. तिचा हात थांबला.

"तुमी सांगतलं काय त्याले?"

"मी कशाला सांगेन?"

"मंग त्याले कसं मालूम?" तव्यावरची भाकर करपली तरी ती माझ्याकडे बघत होती. "शाळेत बसून गप्पा हाणता दिवसभर. निंगालं असन तोंडातून."

"अगं, दाई बोलली असेल."

"दाई मरंल पण बोलायची नाई. तुमचंच काम हे."

त्या दिवसापासून आमच्या घरात कोणी कोणावर विश्वास ठेवला नाही. बायको दाईच्या घरावरून जाताना थांबून आतलं बोलणं ऐके. मी मास्तरांच्या हालचाली टिपू लागलो. ते बाजारात गेले तर कोणाशी बोलतात, भावाचं पत्र आलं तर जाड आहे की पातळ, मुलीला शेंगदाणे देतात तर तिलाच किती देतात. ज्याच्यावर नजर ठेवावी त्याचं सगळंच वागणं संशयाचं दिसतं. ते नेहमीप्रमाणे हसत होते, आणि मला वाटे, इतकं हसतो कशाला?

शेवटी एकदा वाटेत मी आडून विचारलं, "माझ्या मुलीचं तुम्हाला कसं कळलं?"

"क्या?"

"ती पायाळू आहे हे."

"अरे, वह तो देखते ही समझ गया!" त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. "बाकीच्यांना शिकवलं, तेव्हा आलं. तिला शिकवलंच नाही. इसका तो जन्म से है."

जन्म से. मी घरी येऊन दारातच बसलो. आज मी तेच वाक्य आठवतो तेव्हा त्यात एका शिक्षकाने एका बापापुढे केलेलं लेकीचं कौतुक आहे, दुसरं काही नाही. त्या दिवशी मला त्यात फक्त धमकी ऐकू आली.

पुढच्या शनिवारी मी मुलीला पाठवलं नाही. ती दाराच्या चौकटीवर चढून बसली आणि उतरेना. एका शिक्षकाने आपलं मूल अडवलं, एवढंच गावाला पुरे होतं. त्यापुढच्या शनिवारी कोणाचंच मूल गेलं नसतं. पण लोक तेवढ्यावर थांबले नाहीत. सोमवारी शाळा सुटता सुटता चार जणांनी मास्तरांना वहीसकट चावडीवर नेलं. मला पाटलांचं बोलावणं आलं.

चावडी भरलेली होती. बाया बाहेर, भिंतीशी. त्यांच्यात माझी बायको, मुलीचा हात घट्ट धरून. मास्तर मधोमध उभे, अजून काहीतरी गैरसमज झालाय आणि आता मिटेल अशा चेहऱ्याने. पाटलांनी वही माझ्याकडे फेकली.

"गुरुजी, वाचा. आमाले याचं अक्षर लागत नाई."

मी नावं वाचली. पाचही नावांपुढचा तेवढा एक शब्द वाचला. सगळे एकदम बोलू लागले.

"माहं पोट्टं डोक्यानं आलं! इचारा दाईले!"

"माहंबी सरळच हाय. पायाळू कोन म्हनते त्याले?"

"अबे, तुह्या पोट्ट्याचं डोक्सं पाह्यलं की कळतेच कसं आलं ते," मागून कोणीतरी म्हणालं, आणि थोडे लोक हसले. पाटील हसले नाहीत.

"मास्तर, हे पायाळू काय हाय?"

"अच्छे पैर वाले, पाटील साहब. ज्याचे पाय चांगले." मास्तर माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचा आनंद होता. "गुरुजींना विचारा. गुरुजी, मी पूछा था ना? झोपाळू, लाजाळू... तुम्हीच बोललात, लिहा."

सगळे माझ्याकडे पाहू लागले.

"काय हो गुरुजी," पाटील म्हणाले, "असं काही बोलणं झालं होतं?"

होय म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न होता की मराठीच्या मास्तराने असा अर्थ का मान्य केला. आणि त्याच्या पुढचा, की पहिलं नाव तुमच्याच पोरीचं का. मी आजवर स्वतःला सांगत आलो की मी मुलीसाठी घाबरलो. ते खरं आहे. पण त्याआधी मी लाजलो. थट्टा माझी होती आणि ती सगळ्यांपुढे उघडी पडणार होती.

"नाही," मी म्हणालो. "माझ्याशी असं काही बोलणं झालं नाही."

"आन् तुमची पोरगी?"

"सरळ."

 मास्तर माझ्याकडे बघत राहिले. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. एखादा शब्द चुकीचा लिहिला गेलाय का, हे तपासताना माणूस पाहतो तसं ते पाहत होते.

त्या चावडीवर एकच माणूस उठला. बागवान चाचा. "पाटील, नाडा माझा हाय. लेकरू गिरू नये म्हून मी दिला. आदमी नेक हाय."

"चाचा, तुमी मळा पाहा," पाटील म्हणाले. चाचा तरी उभेच राहिले. दोघांनी त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं.

मारहाण झाली नाही, असं गाव सांगतं. थोबाडीत मारल्या, तीन-चार. बूट काढून घेतले आणि नाडा कोयत्याने तोडून चावडीपुढे जाळला. मास्तर अनवाणी धाडच्या रस्त्याने गेले. पुढे वरून आलेल्या कागदात त्यांची नोकरी गेल्याचं कळलं. कारण म्हणून जे लिहिलं होतं त्यात 'संशयास्पद वर्तन' हे शब्द होते आणि खाली साक्ष म्हणून माझं नाव.

वही हेडमास्तरांकडे द्यायला पाटलांनी माझ्या हातात दिली होती. मी हेडमास्तरांना सांगितलं, नाड्याबरोबर जळली.

महिनाभराने बरडावर गेलो. जिथे जिथे गेरूचा ठिपका होता त्या प्रत्येक जागी पहार घातलेली होती. खडकाच्या पायथ्याला माणूसभर खोल खड्डे. धनाचा लोभी म्हणून ज्यांनी मास्तरांना हाकललं होतं, त्यांतल्याच कोणीतरी ते खणले होते. पाय ठेवायच्या जागा फुटून गेल्या होत्या. त्यानंतर तिथे कोणी लेकरू चढलं नाही.

माझी मुलगी आता साठीला आली आहे. मी बुलढाण्याला तिच्याकडेच राहतो. लग्नाच्या वेळी तिच्या आईने तिला ती पायाळू असल्याचं सांगितलं होतं, आणि तेव्हापासून ती मास्तरांची गोष्ट गावापेक्षाही जास्त जोर देऊन सांगते: मला धनासाठी हेरलं होतं, बाबांनी वाचवलं. अनोळखी माणसाने तिच्या मुलांना कधी गोळी दिली तर ती हातातून काढून फेकत असे. उंच जागी ती गेलेली मी पाहिली नाही. गच्चीवरचे कपडेही दुसऱ्याला आणायला सांगते.

यंदा तिच्या नातीच्या शाळेने चिठ्ठी पाठवली. लहान मुलांना डोंगरावर नेणार, दोर लावून खडक चढायला शिकवणार, पालकांची सही हवी. तिची सून सही करायला निघाली तेव्हा मुलीने चिठ्ठी काढून घेतली.

"लेकरांना डोंगरावर नेणारी माणसं मला ठाऊक आहेत," ती म्हणाली. "बाबा, सांगा हिला त्या मास्तराचं."

नात माझ्या गुडघ्यापाशी उभी होती. सहा वर्षांची. माझ्या मान हलवण्यावर तिचं जाणं अडलं होतं. मी सुनेला म्हटलं, लेकीला घेऊन आत जा. मग मुलीला सगळं सांगितलं, शब्दापासून.  ट्रंकेच्या तळातून वही काढून दिली.

तिने स्वतःचं नाव शोधलं. पुढे मास्तरांच्या वळणदार, चुकीच्या मराठीत लिहिलं होतं: *पायाळू. जन्मजात. उतरते वेळी खाली बघते, मग मला बघून हसते. हिला पुढे कोणी थांबवू नये.*

तिने त्या ओळीवरून बोट फिरवलं.

"म्हणजे मी खरंच चांगली चढत होते?"

"हो."

"आणि हे तुम्ही मला आता सांगता."

 तिने वही आपल्या खोलीत नेली. चार दिवस माझ्या जेवणाचं ताट मुलीऐवजी सून आणून ठेवायची.

पाचव्या दिवशी सकाळी मी ओसरीत बसलो होतो. चिठ्ठी सही करून नातीच्या दप्तरात गेली होती, ते मला सुनेने सांगितलं. बाहेर गच्चीच्या जिन्यावर बोलणं ऐकू आलं म्हणून मान वळवली. मुलगी जिन्याच्या मधल्या पायरीवर उभी होती, एका हाताने कठडा धरून. नात तिच्या वरच्या पायरीवर.

"तोंड जिन्याकडे. पाठ माझ्याकडे. आधी उतरायला शिक. बघ, तीन धर..."

"एक सोड!" नात ओरडली.

मुलीने स्वतःच्या पायाने खालची पायरी चाचपली, पक्की आहे हे पाहिलं आणि उतरली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.